विश्लेषण : विज्ञानाची पुस्तकं वाचून नेमकं काय बदलतं? उत्तर भीमाशंकर आणि खोडदच्या वाटेवर

पुण्याहून नाशिककडे जाताना मंचरला ठरवावं लागतं. डावीकडे वळलं की घोडेगाव, डिंभे आणि पुढे भीमाशंकर. सरळ गेलं की नारायणगाव आणि तिथून उजवीकडे खोडद. एका वाटेवर शेकरू, दुसऱ्या वाटेवर जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या. बहुतेक जण दोन्हीकडे फोटो काढून परततात. मीही तेच करायचो. सोप्या भाषेतली विज्ञानाची पुस्तकं वाचायला लागल्यावर मात्र याच दोन जागा वेगळ्या दिसू लागल्या. असं का होतं?

पदवी होती, मग अडलं कुठे?

इंजिनीअरिंगला मला अँटेना हा विषय होता. तरंगलांबी भागिले व्यास हे सूत्र तोंडपाठ होतं, गुणही बरे मिळाले. पुढे एका विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, खोडदचं प्रदर्शन पाहायला गेलो. तिथे सहावी-सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "दादा, एवढ्या तीस तबकड्या कशाला? एकच मोठी का नाही बांधली? आणि जाळीतून सिग्नल गळून जात नाही का?"

मला सांगता येईना. सूत्र येत होतं, पण ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे कधी कळलंच नव्हतं. घरी आल्यावर डॉ. जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' वाचायला घेतलं. परीक्षा नव्हती, त्यामुळे घाईही नव्हती. एखादं पान दोनदा वाचायचं, कागदावर आकडेमोड करून पाहायची, असं सुरू झालं.

मग त्या मुलाचं उत्तर काय?

आधी जाळी. जीएमआरटी साधारण २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब लहरी टिपते. जाळीची भोकं साधारण एक-दोन सेंटिमीटरांची आहेत. लहरीच्या मानाने भोक खूप लहान असलं, की लहरीला ती जाळी सलग पत्र्यासारखीच असते. वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्चही आवाक्यात आला. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या रचनेतली ही मोठी युक्ती.

आता तीस तबकड्या. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. २१ सेंटिमीटरच्या लहरीवर अशी एकटी तबकडी चंद्रबिंबाच्या साधारण अर्ध्या रुंदीपेक्षा बारीक तपशील वेगळा करू शकत नाही. चित्र स्पष्ट हवं तर व्यास वाढवायला हवा, पण २५ किलोमीटर व्यासाची तबकडी कोण बांधणार? म्हणून १४ तबकड्या मध्यभागी आणि १६ तबकड्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या तीन बाहूंवर उभारल्या. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. एकच लहर प्रत्येक जोडीतल्या दोन तबकड्यांवर किंचित मागेपुढे पोहोचते. त्या फरकांची सांगड संगणक घालतो. पृथ्वी फिरते तशी आकाशातून पाहता जोड्यांची दिशाही बदलत जाते आणि चित्रातल्या रिकाम्या जागा भरतात. मिळणारा बारकावा जवळपास २५ किलोमीटरच्या तबकडीइतका, म्हणजे एकटीच्या ५५० पट.

माझं पाठ केलेलं सूत्र हेच होतं. ते खोडदच्या शेतांमध्ये पसरलेलं आहे, हे पदवीनंतर कळलं. त्या रात्री मी एकटाच हसत बसलो होतो.

भीमाशंकरच्या वाटेवर काय बदललं?

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि हे त्याचं हक्काचं घर. पूर्वी मी फक्त 'दिसला का?' एवढंच विचारायचो. मारुती चितमपल्लींची जंगलावरची पुस्तकं वाचल्यावर प्राण्याआधी झाड पाहायची सवय लागली. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो. एका फांदीवरून दुसरीवर झेप घेत तो फिरतो आणि एकाहून अधिक घरटी बांधतो. म्हणजे एकमेकांना भिडलेल्या फांद्या हाच त्याचा रस्ता. मधली चार झाडं तुटली तर आपल्याला उजेड आल्यासारखं वाटतं, त्याचा मात्र पूल पडलेला असतो.

पावसाळ्यात इथल्या कुजक्या लाकडावरची काही बुरशी रात्री हिरवट चमकते. तिच्या पेशींतल्या रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन तो प्रकाश निघतो. हे माहीत झाल्यावर गंमत कमी झाली नाही. उलट, कुजणाऱ्या लाकडात इतकं काही चालू असतं हे पाहून पाय तिथेच थांबले.

याचा रोजच्या जगण्याशी संबंध काय?

जुन्नर-आंबेगावात तो थेट आहे. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची आधीची आखणी जीएमआरटीच्या जवळून जात असल्याने अडली आणि मार्ग बदलण्याचं रेल्वे मंत्रालयाने जाहीर केलं. 'तबकड्या महत्त्वाच्या की रेल्वे?' असे मेसेज तेव्हा मोबाइलवर फिरले. रेल्वेची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचा आणि विद्यार्थ्याचा राग समजण्यासारखा आहे.

पण अडचण काय आहे? आकाशातून येणाऱ्या या लहरी कमालीच्या क्षीण असतात. आपल्या हातातला मोबाइल चंद्रावर नेऊन सुरू केला, तर रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातल्या सर्वांत ठळक स्रोतांपैकी एक दिसेल. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या ठिणग्यांतूनही रेडिओ लहरी निघतात. कोणती बाजू घ्यायची हे पुस्तक सांगत नाही. मात्र किती अंतर पुरेसं, कोणत्या कंप्रतेला त्रास, उपाय काय, हे प्रश्न विचारता येतात. वाद नुसत्या घोषणांवर संपत नाही.

मराठीत वाचायला पुरेसं आहे का?

आहे. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ पासूनचं, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासूनची. याच परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी आपल्या नावाचा प्रभाव पडू नये म्हणून 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली होती. तिला बक्षीस मिळालं. पुढे त्यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नारळीकर २० मे २०२५ रोजी आणि चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले. दोघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते.

सुरुवात कशी करायची?

- ज्या गोष्टीबद्दल आधीच कुतूहल आहे, तिच्यावरचं पुस्तक घ्या.
- एका बैठकीत एकच प्रकरण वाचा. आकडा आला की स्वतः करून पाहा.
- वाचलेलं घरातल्या कुणाला तरी सांगा. सांगताना जिथे अडखळाल, ते पान पुन्हा वाचा.
- वाचताना मोबाइल फ्लाइट मोडवर टाका.

तो मुलगा पुन्हा भेटेल की नाही, माहीत नाही. पण खोडदला गेलो की आता मी फोटो काढण्याआधी जाळीची भोकं पाहतो.