जिप्सीची उंची

मोहर्लीच्या फाटकातून ताडोबात जाणारी उघडी जिप्सी वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. पण वाघ सोडून तिच्या खाली वाकून कोण पाहतो? माझे बाबा ती गाडी चालवतात, म्हणून मला वाकावे लागले.

जिप्सी १९८५ साली बाजारात आली. आपल्या देशातल्या कितीतरी मोटार-शर्यतींत ती धावली. तरी तिचा सारा भार पोलादी कमानींवर असतो. एकावर एक पाटे रचलेले. मुख्य पाट्याचे एक टोक सांगाड्याला पक्के, दुसरे शॅकलला लोंबते. भार आला की कमान सपाट होते, म्हणजेच लांबते, आणि त्या वाढीव लांबीला शॅकल जागा करून देतो.

आमच्या गाडीच्या कमानी बसल्या होत्या. सहा पर्यटक, गाइड आणि बाबा असे आठ जण बसले की प्रत्येक खड्ड्याला आस रबरी ठोकळ्यावर आदळे. एका कारागिराने मागे जाड पाटा वाढवला आणि दोन इंच लांब शॅकल लावले. (त्याने उंची एकच इंच वाढते, कारण कमानीचे दुसरे टोक जागचे हलत नाही.) गाडी रुबाबदार दिसू लागली; मीही तिच्याजवळ उभा राहून फोटो काढून घेतला! पण रिकामी असली की ती मागून उडे. मागची बाजू उचलल्याने नाकावर झुकली, स्टेअरिंग भरकटू लागले. एका वळणावर तर इतकी कलली की मागच्या आजीबाईंनी बाबांचा खांदाच धरला. शिवाय चाकोरीमधल्या उंचवट्याला डिफरन्शियलचा गोळा पूर्वीइतकाच घासत होता. तो घासणारच! गोळा आसावर, आस चाकांवर. कमानीने फक्त सांगाडा वर जातो; गोळा वर न्यायचा तर टायरच मोठा हवा.

गाडी उभी राहिली. माझी परीक्षा फी तिच्याच फेऱ्यांतून निघायची होती, म्हणून ते दिवस मला चांगले आठवतात.

चंद्रपूरचे दुसरे मिस्त्री म्हणाले, "रिकाम्या गाडीची उंची पाहून का करता? भरल्यावर किती बसते थे सांगा." शर्यतीच्या मोटारीतही हेच करतात. चालकाला आत बसवून, किंवा त्याच्या वजनाइतका भार ठेवून, मगच उंची ठरवतात. मात्र तिथे स्प्रिंगखाली आट्यांचे कडे असते. ते फिरवले की उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. आमच्या कमानीत पाटा वाढवला की उंची आणि कडकपणा दोन्ही एकदम वाढतात. सारा घोटाळा इथेच झाला होता.

मग सिमेंट रस्त्याच्या सपाट भागावर, चारही टायरांत योग्य ती हवा भरून, शेजारच्या आठ जणांना गाडीत बसवले. गाडी दाबून सोडली, ती स्थिर झाल्यावर दोन्ही बाजूंना आस ते ठोकळा हे अंतर मी टेपने मोजले. आठ जणांच्या गप्पा चालूच होत्या, त्यामुळे दोनदा मोजावे लागले.

मिस्त्रींनी जाड पाटा आणि लांब शॅकल काढून टाकले, जुने पाटे सुटे करून त्यांना मूळचा बाक दिला, तडकलेला एक बदलला. शॅकलचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी केल्यावरच आवळले. अधांतरी आवळले तर आतले रबरी बुश पिळलेले राहून लवकर फाटतात.

आता आठ जण बसले तरी ठोकळ्याशी तीन बोटे जागा उरते. गोळ्याचे म्हणाल, तर खोल चाकोरी आली की बाबा एका बाजूची चाके मधल्या उंचवट्यावर घालून गाडी काढतात.