मधुमेहाचे पथ्य आणि महिन्याचा किराणा

"डॉक्टर, पथ्याचं खाणं परवडत नाही." मधुमेहाचे निदान झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी हे वाक्य मी हमखास ऐकतो. काय काय आणता, असे विचारले की यादी साधारण ठरलेली असते: ओट्स, शुगर-फ्री बिस्किटे, 'डायबेटिक' आटा, ऑलिव्ह तेलाची छोटी बाटली. आणि हा खर्च भागवायला डाळ निम्म्यावर आणलेली. ही चारही पाकिटे उद्यापासून बंद केलीत तरी तुमचे काही बिघडणार नाही. डाळ कमी केलीत तर मात्र बिघडेल, कारण मग ताटातली रिकामी जागा भात आणि पोळीच भरून काढतात.

तुमच्या भागात काय स्वस्त आहे?

धान्य जिथे पिकते तिथे ते स्वस्त मिळते. पुढे वाहतूक, हमाली, दलाली आणि दुकानाचे भाडे त्यात चढत जाते. सोलापूरकडची ज्वारी मुंबईत महाग पडते ती यामुळेच. म्हणून एकच छापील आहारतक्ता सगळ्या जिल्ह्यांना चालत नाही.

सोलापूर, मराठवाड्यात असाल तर ज्वारीची भाकरी उत्तम. कोकणात किंवा कोल्हापूरच्या डोंगराळ भागात नाचणी घ्या. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पण नाचणीचे पातळ, गूळ घातलेले सत्त्व साखर झपाट्याने वाढवते, भाकरीच खा. भंडारा-गोंदियाकडे भात सोडा असे मी सांगत नाही. तो वाटीने मोजून घ्या, सोबत घट्ट वरण आणि भाजी जास्त घ्या. आणि 'ज्वारी चालते' याचा अर्थ चार भाकऱ्या चालतात असा नाही!

विदर्भात जवसाची चटणी घरोघरी होते. ती असताना चिया बिया विकत आणायची गरज नाही. किनारपट्टीवर बांगडा आणि तारली ही पापलेट-सुरमईपेक्षा कितीतरी स्वस्त मासळी, आणि हृदयाला उपयोगी मेद तिच्यात भरपूर असतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मात्र खारवलेल्या मासळीवर भर येतो. रक्तदाब असेल तर ती टाळा. दिवसभरातले सगळे मीठ मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, ठेवायचे आहे.

प्रथिनांचा हिशेब किलोवर करू नका

उदाहरणादाखल भाव धरू. तुमच्या दुकानातले भाव घालून हेच गणित करा. अंडे ७ रुपयांना, त्यात ६ ग्रॅम प्रथिने, म्हणजे ग्रॅमला सुमारे सव्वा रुपया. तूरडाळ १५० रुपये किलो, त्यात साधारण २२० ग्रॅम प्रथिने, म्हणजे ७० पैशांच्या आसपास. शेंगदाणे १४० रुपये किलो धरले तर त्याहून थोडे कमी. सोयाबीन वडी सगळ्यात स्वस्त पडते. आता प्रोटीन पावडरच्या डब्यावरचे आकडे याच पद्धतीने मोजून पाहा. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळ, प्रथिने किती घ्यायची हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.)

पावसाळ्यात भाज्या महागतात तेव्हा मटकी, मूग, चवळीची मोड आणून उसळ करा. तेल माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर पुरे. इथे बचत आणि तब्येत दोन्ही साधतात. फक्त स्वस्त म्हणून सुटे तेल घेऊ नका, त्यात भेसळीचा धोका असतो.

गावाहून वर्षाचे धान्य आणत असाल तर एक गोष्ट निक्षून सांगतो. धान्याला कीड लागू नये म्हणून मिळणाऱ्या विषारी गोळ्या घरात ठेवू नका. ओलावा लागला की त्यांतून फॉस्फीन वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेल्यांचा जीव जाऊ शकतो. धान्य कडक उन्हात वाळवा, कोरड्या घट्ट डब्यात भरा, कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावा.

रेशन आणि महिनाअखेर

रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य महिन्याला मिळते आणि २०२३ पासून ते मोफत आहे. घराला याचा मोठा आधार आहे. पण ते मुख्यतः तांदूळ-गहू असल्याने ताटही त्यांनीच भरते. तिथे वाचलेले पैसे आधी डाळीला लावा.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात किराणा संपत येतो. घरातली बाई स्वतः कमी जेवते, कधी एक वेळ फक्त चहावर काढते, पण गोळी मात्र नेमाने घेते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे धोक्याचे आहे. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे. लगेच चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्या आणि मग जेवायला घाला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखान्यात न्या.

गोळी मनाने बंद करू नका, अर्धीही करू नका. महिनाअखेर जेवण कमी पडते हे डॉक्टरांना सांगा. यात लाजण्यासारखे काही नाही; ते कळले तर आम्हाला डोस बदलता येतो, साखर कमी उतरवणारी दुसरी गोळी निवडता येते. औषधे महाग पडत असतील तर तेही सांगा. जनऔषधी केंद्रात यातली बरीच औषधे पुष्कळ कमी किमतीत मिळतात, आणि वाचलेल्या पैशांत शेवटच्या आठवड्याची डाळ येते.