आधी पाणी ओळखा, मग फिल्टर निवडा

उन्हाळा लागला की बेळगाव-निपाणीच्या गल्ल्यांतून वीस लिटरच्या जारांचे टेंपो फिरू लागतात. पूर्वी हे जार लग्नाच्या मांडवात आणि ऑफिसात दिसायचे, आता ते थेट स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पोचले आहेत. रोजच्या जारला कंटाळलेले कुटुंब एक दिवस फिल्टर घ्यायला निघते, आणि दुकानदार पहिलाच प्रश्न टाकतो, ‘आरओ दाखवू की साधा?’ खरे तर दुकानाची पायरी चढण्याआधी आपणच स्वतःला विचारायला हवे, की आपल्या घरात येणारे पाणी कुठले? नळाचे, विहिरीचे की बोअरचे? याचे उत्तर हातात असेल तर फसगत टळते आणि पैसेही वाचतात. नसेल, तर ऐकीव गोष्टींवर निवड होते. अशाच काही ऐकीव गोष्टी तपासून पाहू.

गैरसमज १ : विकतचे पाणी म्हणजे शुद्ध पाणी.

वस्तुस्थिती : सीलबंद बाटली आणि सैल झाकणाचा थंड पाण्याचा जार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाटलीबंद पाण्यासाठी आयएस १४५४३ हे भारतीय मानक आहे. बाटलीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख छापलेली असावी लागते. याच प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बाटलीबंद पाणी अति जोखमीच्या खाद्यपदार्थांच्या गटात घातले, म्हणजे त्यावर अधिक कडक नजर ठेवण्याची गरज सरकारलाही वाटली. थंड पाण्याच्या जारवर मात्र अनेकदा यातले काहीच नसते. तो कुठे भरला, आधी कुणाच्या घरी होता, आतून कशाने धुतला, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही. घरी आल्यावर तो उघडून चार-पाच दिवस वापरला जातो. त्या पाण्यात जंतूंना रोखणारे क्लोरीन उरलेले नसते, त्यामुळे बुडवलेल्या पेल्याबरोबर गेलेले जंतू आत निवांत वाढतात.

प्लास्टिकचाही प्रश्न आहेच. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाटलीतल्या एक लिटर पाण्यात सरासरी सुमारे २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण आढळले, आणि त्यातले बहुतेक अतिसूक्ष्म होते. त्यांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो याचा अभ्यास अजून चालू आहे. पण ‘बाटलीत आहे म्हणजे निर्मळ’ असे म्हणायला आता जागा नाही.

गैरसमज २ : टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध.

वस्तुस्थिती : टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण. पेनासारखे ते छोटे मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते हे मोजते आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देते. जंतू त्याला दिसत नाहीत. गटाराचे पाणी मिसळलेल्या नळाच्या पाण्याचा आकडा १५० येऊ शकतो आणि स्वच्छ, गोड बोअरचा ४५०. पहिले पाणी पिऊन माणूस दवाखान्यात जाईल, दुसरे पिऊन काहीही होणार नाही. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम सांगते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सूट देते. आकडा तीस-चाळीसवर आणण्याचा आग्रह त्यात कुठेही नाही.

गैरसमज ३ : सगळ्यात चांगला फिल्टर म्हणजे आरओ.

वस्तुस्थिती : आरओ हे क्षार काढायचे यंत्र आहे. क्षार जास्त असतील तिथे त्याला तोड नाही, नसतील तिथे त्याचे काम नाही. आता आपले नळाचे पाणी बघा. बेळगावला राकसकोपच्या जलाशयातून मार्कंडेयेचे आणि हिडकल धरणातून घटप्रभेचे पाणी येते. निपाणीची तहान जवाहर तलाव आणि वेदगंगा भागवतात. घटप्रभा सह्याद्रीत उगम पावते, वेदगंगा भुदरगडच्या डोंगरात. हे सह्याद्रीच्या पावसाचे पाणी आहे आणि त्यात क्षार साधारणपणे कमीच असतात. अशा पाण्याला आरओ लावला तर आधीच थोडे असलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमही निघून जाते. शिवाय साध्या घरगुती आरओत एक लिटर पाणी मिळवताना साधारण तीन लिटर मोरीत जाते. पिण्यासाठी रोज बारा लिटर पाणी लागणाऱ्या घरात छत्तीस लिटर वाया! काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात ही उधळपट्टी मनाला लागायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये, जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी घालण्यास सरकारला सांगितले होते, ते याच कारणाने. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, पण त्यामागचा विचार घरोघरी पटण्यासारखा आहे.

गैरसमज ४ : विक्रेत्याने समोर करून दाखवले, आमचे पाणी तपकिरी झाले!

वस्तुस्थिती : हा प्रयोग अनेकांनी पाहिला असेल. विक्रेता दोन पेले मांडतो, एकात नळाचे पाणी आणि दुसऱ्यात आरओचे. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतो. मिनिटाभरात नळाचे पाणी तपकिरी, गढूळ होते आणि वर फेस धरते. आरओचे पाणी जसेच्या तसे राहते. घरातली मंडळी हादरतात. पण तो तपकिरी गाळ पाण्यातला नसतो, तो कांडीच्या लोखंडाचा गंज असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरते. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, म्हणून वीज वाहत नाही आणि कांडी झिजत नाही. खात्री करायची तर आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. तेही पाणी तसेच तपकिरी होईल. या प्रयोगातून पाण्याच्या आरोग्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

गैरसमज ५ : धरणातले पाणी शुद्ध करूनच सोडतात, मग नळाच्या पाण्याला काय धाड भरली आहे?

वस्तुस्थिती : शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी चांगले असते, घोटाळा वाटेत होतो. पाणी सतत वाहत असेल तर पाइपमधला दाब बाहेरची घाण आत येऊ देत नाही. दिवसाआड किंवा चार दिवसांआड पाणी सोडले तर मधल्या काळात पाइप रिकामे पडतात आणि गळक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी या शहरांच्या मोजक्या प्रभागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झाले. हुबळी-धारवाडमधल्या अशा दोन प्रकारच्या भागांची तुलना करणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अधूनमधून पाणी येणाऱ्या भागात नळाच्या सुमारे ३२ टक्के नमुन्यांत विष्ठेतून येणारे ई. कोलाय जंतू सापडले. चोवीस तास पाण्याच्या भागात हे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. पाणी सुटल्यावर सुरुवातीला येणारे पाणी जास्त दूषित असते, हेही दिसले. म्हणून पहिली घागर झाडांना घाला, पिण्याचे मागाहून भरा.

या दुर्लक्षाची किंमत किती मोठी असते हे निपाणीच्या माणसाला सांगायला नको. शेजारच्या इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली आणि माणसे दगावली. ती हिपॅटायटिस ई ची साथ होती. गरोदर बाईच्या तर हा आजार जिवावर बेतू शकतो. थोडक्यात, आपल्या नळाच्या पाण्यातला खरा धोका जंतूंचा आहे, क्षारांचा नाही.

गैरसमज ६ : विहिरीचे पाणी गोड लागते, ते गाळायचीही गरज नाही.

वस्तुस्थिती : बेळगाव हे जुन्या विहिरींचे गाव. महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली १९२४ मध्ये भरलेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे. विहिरी जपल्याच पाहिजेत. पण शंभर वर्षांपूर्वी विहिरीशेजारी शौचालयाचे शोषखड्डे नव्हते, आज आहेत. उसाच्या आणि तंबाखूच्या पट्ट्यात खताचा नायट्रेटही भूजलात मुरतो. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेटचे पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात गेले तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. नायट्रेटला चव नाही, वास नाही, आणि उकळून तो जातही नाही, उलट पाणी आटल्याने वाढतो.

गैरसमज ७ : तुरटी फिरवली, तांब्याच्या भांड्यात ठेवले, की झाले.

वस्तुस्थिती : तुरटी गाळ खाली बसवते, जंतू मारण्याच्या बाबतीत तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. तांब्याच्या भांड्याला खरोखर गुण आहे. बेंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले, की खोलीच्या तापमानाला सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू नष्ट झाले. पण सोळा तास म्हणजे सोळा तास. संध्याकाळी भरून रात्रीच्या जेवणाला घेतलेल्या पाण्याला तो हिशेब लागू पडत नाही. उकळणे मात्र आजही खात्रीचे. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते, नंतर झाकून गार करायचे. मेणबत्तीचा जुना फिल्टर गाळ आणि बरेच जिवाणू अडवतो, पण काविळीचे विषाणू त्याच्या छिद्रांपेक्षा फार लहान असल्याने निसटतात.

मग घ्यायचे काय?

घरी नगरपालिकेच्या नळाचे पाणी असेल आणि टीडीएस ५०० च्या आत असेल, तर गाळाची जाळी, कार्बन आणि यूव्ही असलेला फिल्टर पुरेसा आहे. यूव्हीचे किरण जंतू निकामी करतात, पण पाणी नितळ असेल तरच. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड लपतात. म्हणून पावसाळ्यात आधी तुरटीने निवळून घ्या. वीज वारंवार जात असेल तर यूएफ म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याचा फिल्टर बघा, तो पाण्याच्या दाबावर चालतो.

बोअरचे पाणी जड असेल, डाळ शिजत नसेल, साबणाला फेस येत नसेल, भांड्यांना पांढरा खार धरत असेल, तर टीडीएस, काठिण्य आणि नायट्रेट तपासून घ्या. आकडे मर्यादेबाहेर असतील तर आरओ योग्य. त्याचे वाया जाणारे पाणी बादलीत धरून फरशी पुसायला, शौचालयात वापरायला ठेवा.

विहिरीसाठी जंतूंची तपासणी सोपी आहे. एच२एस (हायड्रोजन सल्फाइड) चाचणीच्या छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवायचे. एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा जल जीवन मिशनमध्ये सामान्य माणसासाठी नाममात्र दरात खुल्या केल्या आहेत. फिल्टरवर हजारो रुपये घालण्याआधी तिथे एक बाटली नेणे शहाणपणाचे.

खर्चाचा हिशेबही मांडून बघा. रोज बारा लिटर म्हणजे महिन्याला अठरा जार. जारला पस्तीस रुपये धरले तर वर्षाला साडेसात हजारांच्या वर जातात, आणि दरवर्षी जातात. फिल्टर एकदा घेतला की पुढे मुख्यतः देखभालीचा खर्च. पण देखभाल चुकवू नका. भरलेला कार्बन आणि जुना यूव्ही दिवा असलेला फिल्टर पाणी शुद्ध करत नाही, फक्त तसा भास निर्माण करतो. वरच्या टाकीचीही वेळोवेळी सफाई हवी. कार्बन क्लोरीन काढून टाकतो, तेव्हा फिल्टरचे पाणी झाकून ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

आणि एक गोष्ट फिल्टर घेतल्यावरही सोडू नये. नळाला घाण वास आला, पाणी गढूळ आले, तर गल्लीतल्या चार घरांनी मिळून नगरपालिकेत लेखी तक्रार द्यावी. आपल्या ओट्यावरचा फिल्टर आपले घर सांभाळेल. ज्या घरात फिल्टर घेण्याची ऐपत नाही, तिथल्या लेकरांचे आरोग्य पाइपच्या दुरुस्तीवरच अवलंबून आहे.