कानातला आवाज आणि ख्राइस्टचर्चचे सभागृह

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ख्राइस्टचर्च नावाचे शहर आहे. त्या शहरातून एव्हन ही लहानशी नदी वळणे घेत जाते आणि तिच्या काठावर तिथला टाउन हॉल उभा आहे. टाउन हॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नगरपालिकेची कचेरी येते. हा मात्र गाण्याबजावण्याचा हॉल आहे, आणि ध्वनिशास्त्राचा अभ्यास करणारे लोक जगभर त्याचे नाव घेतात. आपल्या मुलांच्या कानांत आजकाल जे तारेचे इअरफोन दिसतात त्यांच्याविषयी लिहिताना मला या सभागृहापासून सुरुवात करावी लागत आहे. चांगला आवाज म्हणजे काय, हे तिथे जितके नीट समजते तितके दुकानातल्या खोक्यावरील मजकुरावरून समजत नाही.

1962 साली न्यूयॉर्कमध्ये फिलहार्मोनिक हॉल मोठ्या थाटात उघडला आणि लोकांनी त्याच्या आवाजाला नावे ठेवली. पुढे त्याची पुन्हा पुन्हा डागडुजी करावी लागली. एवढे पंडित आणि एवढा पैसा असूनही असे का व्हावे? त्याच काळात, 1966 साली, ख्राइस्टचर्चच्या टाउन हॉलचा आराखडा वॉरन अँड महोनी या स्थानिक वास्तुकारांनी स्पर्धेत जिंकला. ध्वनीची बाजू हॅरल्ड मार्शल या न्यूझीलंडच्याच तज्ज्ञाकडे होती. 1967 साली मार्शल यांनी एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यातला विचार असा:

सभागृहात वादकाकडून थेट येणारा आवाज प्रथम कानी पडतो. त्यामागोमाग भिंतींवर आणि छतावर आपटून आलेले आवाज येतात. हे आवाज फार उशिरा आले नाहीत तर कान त्यांना वेगळे मोजत नाही, मूळ आवाजातच मिसळून घेतो. व्हिएन्नाचे 1870 सालचे प्रसिद्ध मुझिकफेराइन सभागृह लांबट, उंच आणि अरुंद आहे. त्याची रुंदी अवघी 19 मीटर आहे. तिथे बाजूच्या भिंतीवरून परतलेला आवाज छतावरून येणाऱ्या आवाजाच्या आधी पोचतो. रुंद हॉलमध्ये हे उलटे होते, छताचा आवाज आधी येऊन बाजूच्या आवाजाला झाकून टाकतो. आता छताचा आवाज दोन्ही कानांना सारखाच लागतो, पण बाजूचा आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर लागतो. दोन कानांतल्या या फरकामुळेच श्रोत्याला आपण आवाजाच्या आत बसलो आहोत असे वाटते. हा फरक नसला की संगीत समोरच्या खिडकीतून ऐकल्यासारखे होते.

ख्राइस्टचर्चचा हॉल लंबवर्तुळाकार आणि रुंद होता, म्हणजे मार्शल यांच्याच विचाराप्रमाणे अवघड. त्यांनी उपाय काढला तो असा: गॅलरीच्या वर सभोवती मोठमोठे तिरपे फलक टांगले. मंचावरचा आवाज त्या फलकांवर आदळून श्रोत्यांकडे बाजूने उतरतो. अरुंद हॉलच्या भिंती जणू तुकडे करून हवेत टांगल्या! 30 सप्टेंबर 1972 रोजी हॉल उघडला. अडीच हजारांच्या आसपास माणसे बसतील असा हा हॉल, आणि तरीही आवाज जवळचा वाटतो. पुढे अनेक देशांतल्या सभागृहांत हा विचार वापरला गेला. 2015 साली उघडलेल्या पॅरिसच्या फिलहार्मोनी सभागृहाच्या कामातही मार्शल यांच्या संस्थेचा हात होता.

मग 22 फेब्रुवारी 2011 चा भूकंप आला. शहरात 185 माणसे गेली. नदीकाठची जमीन सरकली, खचली, आणि टाउन हॉलचा पाया वाकडातिकडा झाला. पाडून टाका आणि नवे बांधा, असे म्हणणारेही होते, आणि उद्ध्वस्त शहराला खर्चाचा विचार करणे भागच होते. तरी नगर परिषदेने तो वाचवण्याचे ठरवले. इमारत देखणी आहेच, पण बाजू मांडणाऱ्यांचा मोठा मुद्दा तिच्या आवाजाचा होता. पाया नव्याने घातला, जमीन भक्कम केली, आणि 23 फेब्रुवारी 2019 रोजी मोठे सभागृह पुन्हा खुले झाले. आठ वर्षे त्या शहराने एका आवाजाची वाट पाहिली, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

माझा एक पुतण्या त्या शहरात नोकरी करतो. त्याच्याकडे गेल्यावर त्या हॉलच्या गॅलरीत बसून एका समूहगानाची तालीम ऐकण्याचा योग आला. रात्री पुतण्याने आपले तारेचे इअरफोन मला दिले आणि त्याच प्रकारचे गाणे लावले. शब्द अधिक स्पष्ट, गायकाने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येई. पण सगळे गायक माझ्या दोन कानांच्या मध्ये, डोक्याच्या आत उभे होते! पुतण्या म्हणाला, "काका, याहून महागडे घेतले तरी ते डोक्यातच उभे राहतात."

त्याचे म्हणणे खरे आहे, आणि ते का, हे इअरफोनची रचना पाहिली की कळते. मंचावरच्या कलावंतांसाठी झालेल्या या प्रकाराला इन-इअर मॉनिटर म्हणतात. पूर्वी गायकाच्या पायाशी स्पीकर ठेवीत, म्हणजे त्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा. ढोल वाजू लागला की स्पीकर मोठा करायचा, तो मोठा झाला की ढोल आणखी जोराने वाजायचा. त्यावर उपाय म्हणून कानच बंद करून आत हवा तेवढाच आवाज सोडण्याची कल्पना आली. श्रवणयंत्रांसाठी तयार झालेला, तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढा आवाजाचा भाग तिथे कामी आला. त्यात चुंबकांच्या मध्ये पोलादाची बारीक जीभ हलते आणि ती एका इवल्याशा पडद्याला हलवते. अमेरिकेतल्या मीड किलियन या श्रवणतज्ज्ञाच्या कंपनीने 1991 साली असा भाग वापरून ऐकणाऱ्यांसाठी इअरफोन काढला. 1995 च्या सुमारास जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन बँडच्या ड्रमवादकासाठी त्याच्या कानाच्या साच्यातून संच घडवला. दुसरा प्रकार साध्या स्पीकरसारखा, पडदा आणि तारेचे वेटोळे असलेला. हल्ली दोन्ही एकत्र घालतात आणि खोक्यावर "आत इतके भाग" असे मोठ्या अक्षरांत छापतात. त्या आकड्यावर जाऊ नका. एका उत्तम भागाचा संच पाच भागांच्या संचाला मागे टाकू शकतो.

खरी कसोटी दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे बसवण. आपली कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या तोंडाशी रबराचे किंवा फोमचे टोपण नीट बसले नाही तर फटीतून खालचे सूर निसटतात, आणि मग ढोलकीचा डावा हात गेला म्हणून समजा. वस्तू वाईट निघाली असे वाटते, पण टोपणाचे माप चुकलेले असते. बरोबर तीन मापे देतात ती त्यासाठीच. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळे माप लागू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट सुरांचा तोल. उघडा कान बासरीच्या नळीसारखा वागतो. सेकंदाला 3,000 च्या आसपास कंपने असलेला आवाज तो आपणहून मोठा करतो. टोपण लावले की ती नळी बदलते आणि हा नैसर्गिक उठाव जातो. म्हणून चांगला रचनाकार तो उठाव इअरफोनमध्येच परत घालतो. कमी घातला तर गाणे घोंगडीखालून आल्यासारखे वाटते, जास्त घातला तर 'स' आणि 'श' कानाला टोचतात. विकत घेण्याआधी ओळखीच्या माणसाचे साधे बोलणे ऐकून पाहावे. संगीतापेक्षा बोलण्यात ही खोट लवकर सापडते.

तारेविषयी विचाराल तर ती मागासलेपणाची खूण नव्हे. तारेच्या संचाला बॅटरी भरावी लागत नाही आणि आवाज उशिरा पोचत नाही. ब्लूटूथमध्ये सेकंदाचा काही अंश उशीर होतो. गाणे ऐकताना तो कळत नाही, पण टाळ वाजवणाऱ्याची लय मोडायला तेवढा पुरतो. मंचावरचे मोठे कलावंत कमरेला रेडिओचा डबा लावतात, पण त्या डब्यापासून कानापर्यंत तारच असते. अडचण एवढीच की 2016 पासून एकामागून एक फोनमधले इअरफोनचे छिद्र बंद होत गेले, म्हणून आता मध्ये एक छोटा जोड घ्यावा लागतो.

आता डोक्यात उभे राहणाऱ्या गायकांकडे पुन्हा वळू. खोलीत डावीकडच्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही लागतो, क्षणभर उशिरा आणि किंचित मंद. शिवाय बाहेरच्या कानाच्या घड्या त्याला वळण देतात. इअरफोनमध्ये डावा आवाज फक्त डाव्या कानात जातो, घड्यांना वगळून थेट आत. मार्शल यांनी फलक टांगून जे मिळवले ते इथे मुळातच नाही. मंचावरच्या गायकांनाही हे जाणवते. कान बंद केल्यावर श्रोते दूर गेल्यासारखे होतात. म्हणून ध्वनितंत्रज्ञ लोकांच्या दिशेने वेगळे मायक्रोफोन ठेवून तो आवाज गायकाच्या कानात थोडासा मिसळतात.

आपल्या घरांसाठी यातून एक कामाची गोष्ट निघते. गणपतीच्या दिवसांतली आपली जाखडी आठवून पाहा. रिंगण फिरते, झील धरणारे भोवती असतात, आवाज चारी बाजूंनी येतो. आज आपण ती फोनवर ध्वनिमुद्रित करतो, आणि पुष्कळदा फोन एकाच मायक्रोफोनने सगळे टिपतो. मग सबंध रिंगण एका बिंदूत गोळा होते. पुढे कितीही चांगला इअरफोन लावला तरी ते उलगडत नाही. गाणी पाठ असलेली म्हातारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, आणि जे एका बिंदूत टिपले ते तसेच राहणार.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. दोन मायक्रोफोन असलेले हातात मावेल एवढे यंत्र मिळते. शाळेत किंवा मंडळात सामान असेल तर दोन साधे मायक्रोफोन एकमेकांपासून सुमारे 17 सेंटिमीटर अंतरावर, तोंडे बाहेरच्या बाजूंना थोडी वळवून लावावेत. हे अंतर माणसाच्या दोन कानांमधल्या अंतराएवढे आहे. आवाज दोहोंना किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि तोच फरक नोंदला जातो. यंत्र रिंगणाच्या फार जवळ नेऊ नये, ढोलकीच्या पुढ्यात तर मुळीच नाही. पत्र्याच्या मंडपापेक्षा लाकडी दारे-खिडक्या असलेली खोली बरी. आजी एकटीच गाणार असेल तर तिला एकटीला बसवू नका. झील धरायला दोघी-तिघी दोन्ही बाजूंना बसवा.

मुद्रण तपासताना तारेचा इअरफोन फार उपयोगी पडतो, कारण पंख्याची घरघर किंवा वाऱ्याची फुरफुर त्यात लपत नाही. मात्र आवाज बेताचा ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबलचा अवघे 4 तास. टोपण नीट बसले असेल तर बाहेरचा गोंगाट आत येत नाही आणि आवाज वाढवण्याची गरजही पडत नाही. बसमध्ये मुलगा आवाज वाढवीत असेल तर रागावण्याआधी त्याच्या टोपणाचे माप पाहा.