तिचं तिला दिलं
(मैदानातली माणुसकी : लेखांक ६)

क्रिकेटमध्ये षटकार बसला की फलंदाज जागचा हलला नाही तरी सहा धावा मिळतात. सॉफ्टबॉलमध्ये तसं नाही. चेंडू कुंपणापार गेला, म्हणजे होम रन झाला, तरी मारणारीने तिन्ही बेसना पाय लावत होम प्लेटपर्यंत परत यायचं, तेव्हा कुठे धाव पदरात पडते. घाई नसते, रमतगमत आलं तरी चालतं, पण यावं लागतंच. हा नियम माहीत नसेल तर २६ एप्रिल २००८ रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, एलेन्सबर्गला जे घडलं त्यातली मेख कळणार नाही.

वेस्टर्न ओरेगन आणि सेंट्रल वॉशिंग्टन या विद्यापीठांच्या मुलींचा सामना. दुसरा डाव, धावफलक कोरा, वेस्टर्न ओरेगनच्या दोघी बेसवर. फलंदाजीला सारा टुचोल्स्की, पाच फूट दोन इंचांची, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. शाळेत नाही, कॉलेजात नाही, होम रन तिने कधी मारलाच नव्हता. तो त्या दिवशी बसला. आनंदाच्या भरात पहिल्या बेसला पाय लावायचाच राहिला. लक्षात येताच ती गर्रकन वळली आणि उजव्या गुडघ्याने दगा दिला; आतला लिगामेंट तुटला होता. रांगतच तिने तो बेस गाठला.

पंचांनी सांगितलं, तिच्या संघातल्या कोणी मदत केली तर ती बाद. बदली धावपटू आणली तर फटका एका बेसपुरताच धरणार. पुढच्या दोघींच्या धावा मोजल्या जातील, साराची नाही. प्रशिक्षक पाम नॉक्स पेचात पडल्या.

तेवढ्यात प्रतिस्पर्धी संघाची मॅलरी होल्टमन पुढे आली. त्या स्पर्धागटात कारकिर्दीतले सर्वाधिक होम रन हिच्याच नावावर, त्यामुळे होम रनचं मोल तिला वेगळं सांगायला नको. आम्ही उचलून नेलं तर चालेल का, तिने पंचांना विचारलं. त्याला नियमाची आडकाठी नव्हती. मग तिच्याच संघात शॉर्टस्टॉपला खेळणारी लिझ वॉलेस मदतीला आली. दोघींनी साराला दोन्ही बाजूंनी उचललं. प्रत्येक बेसपाशी थांबायचं, वाकायचं, तिचा डावा पाय अलगद टेकवायचा आणि पुढे निघायचं. आपण दिसतोय तरी कशा, या विचाराने त्यांना वाटेत हसूही फुटलं.

या प्रसंगाला सगळे दया म्हणतात. मला ते पटत नाही. चेंडू कुंपणापार गेला तेव्हाच ती धाव साराची झाली होती. दोघींनी तिचं तिला दिलं, पदरचं काही नाही. १९८० मध्ये वानखेडेवर भारताचा कर्णधार विश्वनाथने बाद ठरलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला परत बोलावलं तेही याच जातीचं. चेंडू बॅटला लागलाच नव्हता, मग विकेट घ्यायची कशी? पुढे टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं. तो भाग वेगळा.

एलेन्सबर्गचा सामना वेस्टर्न ओरेगनने ४-२ असा जिंकला आणि सेंट्रल वॉशिंग्टनची पुढच्या फेरीची आशा मावळली. साराची एक धाव वजा केली तरी निकाल तोच लागतो, हे खरं. पण तिला उचललं तेव्हा दुसराच डाव चालू होता आणि पुढचं कोणाला दिसत नव्हतं.

गंमत पुढेच आहे. नंतर नियमपुस्तक नीट पाहिलं तेव्हा पंचच चुकल्याचं निघालं. होम रननंतर खेळाडू जखमी झाली तर उरलेले बेस बदली धावपटूने पूर्ण करायला मुभा होती. म्हणजे उचलायची गरजच नव्हती!

पुढच्या आठवड्यात २०१२ सालची ओहायोतली शालेय मुलींची ३,२०० मीटरची शर्यत. सर्वांत मागे असलेल्या मुलीने कोसळलेल्या प्रतिस्पर्ध्याला सावरत शेवटच्या रेषेपर्यंत आणलं आणि तिलाच आधी पलीकडे ढकललं. तिथे नियम साफ होता, मदत केली की बाद. त्या पंचांनी काय केलं, ते तेव्हा.