जेवल्यावर चालावे, पण किती?

जेवल्याबरोबर हालचाल केली की पोटाकडचे रक्त पायांकडे वळते आणि अन्न पचत नाही, असे अनेकांना ठामपणे वाटते. दुसरीकडे, हात धुतले की शतपावलीला निघणारेही घरोघर आहेत. दोन्ही पक्षांकडे पुरावा आहे. एक पक्ष धावण्याचा परिणाम चालण्याला लावतो आणि दुसरा शंभर पावलांवर समाधान मानतो, इतकेच. पचनाचे काम कसे चालते हे पाहिले, तर व्यायामाची मात्रा हाच खरा प्रश्न असल्याचे दिसते.

भाकरीचा घास जठरात पोहोचला की तीव्र आम्ल आणि पेप्सिन हे विकर त्यावर काम सुरू करतात. त्याच वेळी जठराचे स्नायू मिनिटाला साधारण तीनदा आकुंचन पावतात आणि अन्न खालच्या टोकाकडे रेटतात. तिथले स्नायूंचे कडे जेमतेम किलकिले होते. एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक झालेले कण त्यातून लहान आतड्यात उतरतात, मोठे तुकडे मागे फेकले जाऊन पुन्हा घुसळले जातात. जठर रिकामे व्हायला म्हणूनच दोन ते चार तास लागतात, तेला-तुपाच्या जेवणाला त्याहून जास्त. ही क्रिया जिवंत माणसात पाहण्याची दुर्मीळ संधी अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांना मिळाली. १८२२ मध्ये अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचे छर्रे घुसले. तो वाचला, पण जठरात उघडणारे छिद्र कायम राहिले. बोमाँट अन्नाचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या छिद्रातून आत सोडत आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून किती विरघळले ते पाहत. १८३३ च्या ग्रंथात त्यांनी नोंदवले, की हलक्या व्यायामाने पचनाला मदत होते आणि दमवणाऱ्या श्रमाने ते मंदावते.

रक्त वळण्याच्या आक्षेपाचे उत्तर इथेच आहे. विश्रांतीत हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा पचनसंस्थेकडे जातो आणि जेवणानंतर तो वाढतो. जोरदार व्यायामात हा पुरवठा खरोखरच खूप घटतो. तो ८० टक्क्यांपर्यंतही कमी होऊ शकतो. लांब पल्ल्याच्या धावपटूंना मळमळ, पोटात कळा किंवा जुलाब होतात, त्यामागचे हे एक मोठे कारण. मात्र रमतगमत चालताना स्नायूंची मागणी माफक असते. हृदय थोडे अधिक रक्त बाहेर टाकून ती भागवते, पोटाच्या वाट्याला फारशी कात्री लागत नाही. अशा चालण्याने जठर रिकामे होण्याला थोडी गतीच मिळते आणि आतड्यातला वायू पुढे सरकायला मदत होते. जेवून लगेच आडवे झाल्यास आम्ल अन्ननलिकेत चढण्याची शक्यता वाढते, तीही चालताना टळते.

चालण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र पोटाबाहेर, रक्तातल्या साखरेत सापडतो. भात-पोळीतले पिष्ट लहान आतड्यात ग्लुकोज होऊन रक्तात शिरते. ते पेशीत घ्यायला सहसा इन्सुलिन लागते, पण आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनशिवायही आपली ग्लुकोजची दारे उघडतो. न्यूझीलंडमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर झालेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच मुद्द्याचा होता. दिवसातून एकदा ३० मिनिटे केव्हाही चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी आढळली. रात्रीच्या जेवणानंतर हा फरक २२ टक्के होता. एकूण वेळ तेवढाच होता, फक्त तो विभागला होता. भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला. तो पाहता हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, की दहा मिनिटांत कॅलरी जळतात तरी किती? खरे आहे, वजन उतरवण्यासाठी एवढे चालणे अपुरे आहे. इथे फायदा वेळेचा आहे: साखर चढत असते नेमक्या त्याच वेळी स्नायू ती उचलतात. परंपरेलाही याच मापाने तपासले पाहिजे. शंभर पावले जेमतेम एक-दोन मिनिटांत संपतात, तर अभ्यासांतला लाभ दहा-पंधरा मिनिटांच्या, म्हणजे साधारण हजार पावलांच्या चालण्याचा आहे. जिम, धावणे, सूर्यनमस्कार यांसाठी मात्र भरपेट जेवणानंतर दोन-तीन तास थांबणेच बरे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी, तसेच हृदयविकार असणाऱ्यांनी, आपल्याला किती चालणे झेपेल हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. बाकीच्यांनी रात्रीच्या जेवणापासून सुरुवात करावी. एरवी दिवसातले सर्वांत भरगच्च ताट आणि सर्वांत कमी हालचाल याच वेळी एकत्र येतात, आणि फरकही इथेच सर्वाधिक दिसला आहे.