मताधिकाराचे वय : सोळाव्या वर्षाचा प्रश्न
(लेखमाला : मतदार आणि मताधिकार – लेखांक सातवा)

मतदारयादी कशी सिद्ध होते, तीत नाव दाखल करण्याचे अर्ज कोणाकडे जातात आणि हरकतींची सुनावणी कोणत्या क्रमाने होते, याचा विचार गेल्या सप्ताहातील लेखांकात आपण केला. त्या सर्व कारभाराच्या आधीचा, आणि म्हणूनच अधिक मूलगामी, असा एक प्रश्न तेव्हा बाजूस ठेवावा लागला होता. यादीत येण्याचा अधिकार कोणत्या वयापासून असावा, हा तो प्रश्न. आज आपल्या देशात ते वय १८ आहे. जगातील काही देशांनी ते १६वर आणले आहे. आपणही तसे करावे काय, आणि करावयाचे झाल्यास आरंभ कोठून करावा, हा या लेखांकाचा विषय आहे.

प्रथम आजची मर्यादा कशी आली ते पाहू. राज्यघटनेच्या ३२६व्या कलमाने लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुका प्रौढ मताधिकारावर होतील असे ठरवून दिले, तेव्हा प्रौढत्वाचे वय २१ मानले होते. १९२८च्या नेहरू अहवालातही हेच वय होते आणि त्या काळी इंग्लंड-अमेरिकेतही सामान्यतः तेच रूढ होते. वास्तविक १८७५च्या सज्ञानता कायद्याने करारमदार करण्यास व मालमत्तेचा व्यवहार पाहण्यास १८ वर्षांचा मनुष्य पूर्वीच समर्थ ठरविला होता. जमिनीचे खरेदीखत करून देण्यास जो लायक, तो आमदार निवडण्यास मात्र नालायक, अशी ही विसंगती प्रजासत्ताकाच्या आरंभापासून जवळजवळ चार दशके चालू राहिली. डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने ६१वी घटनादुरुस्ती संमत केली, २८ मार्च १९८९ रोजी ती अमलात आली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरातील लोकसभा निवडणुकीत १८ वर्षांच्या मतदारांनी प्रथम मतदान केले.

या दुरुस्तीच्या विधेयकास जोडलेले उद्देश व कारणांचे निवेदन आजच्या वादात विशेष लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहे. अनेक देशांनी १८ हे वय स्वीकारले आहे, आजचा तरुण साक्षर व जाणता आहे आणि प्रतिनिधित्वावाचून राहिलेल्या या वर्गास राजकीय प्रक्रियेत सामावून घेतले पाहिजे, ही कारणे तर त्यात आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला आणखी एक कारण नमूद आहे, ते असे की, काही राज्य सरकारांनी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी १८ हे वय अगोदरच स्वीकारले होते. म्हणजे नव्या वयाची परीक्षा आधी गावाच्या आणि शहराच्या कारभारात झाली, आणि तिचा दाखला पुढे ठेवून देशाने आपली घटना बदलली. हा क्रम ध्यानात ठेवावा. त्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

वय कमी करण्यास सर्वप्रथम जो आक्षेप घेतला जातो तो समजुतीविषयीचा होय. सोळा वर्षांच्या मुलास राजकारण काय कळणार, असे विचारले जाते. हा प्रश्न आपल्या देशात नवा नाही; तो यापूर्वी गरिबांविषयी, स्त्रियांविषयी आणि निरक्षरांविषयी विचारला गेला आहे. १९३५च्या कायद्याखाली मालमत्ता, शिक्षण वगैरे अटींमुळे लोकसंख्येच्या एका लहान भागालाच मत होते. सायमन कमिशनच्या कामाच्या निमित्ताने मुंबई प्रांतिक समितीचे सभासद या नात्याने १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे स्वतंत्र निवेदन सादर केले, त्यात साक्षरतेच्या अटीचा त्यांनी मुद्देसूद समाचार घेतला. निरक्षर माणूस बुद्धिहीन असतो आणि साक्षरतेमुळे शहाणपण येते, ही दोन्ही गृहीते त्यांनी चुकीची ठरविली. सहजीवनाच्या अटी ठरविण्यात प्रत्येकाचा भाग असला पाहिजे, कारण त्या अटींचे परिणाम प्रत्येकालाच भोगावे लागतात, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होते.

स्वतंत्र भारताने हेच सूत्र स्वीकारले आणि १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सुमारे १७ कोटी ३० लक्ष मतदारांची नोंदणी केली, ज्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. त्या नोंदणीतील एक हकीकत या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. उत्तरेकडील काही प्रांतांत नोंदणी कारकून दारात उभा राहिला म्हणजे घरातील बाई परपुरुषास आपले नाव सांगत नसे. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच ती लिहवून घेई. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. नाव सांगण्याची मुदत वाढवून दिली, आणि तरीही ज्यांची नावे मिळाली नाहीत त्या सुमारे २८ लक्ष स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. त्या वेळी कोणीही असा निष्कर्ष काढला नाही की, ज्या स्त्रियांना स्वतःचे नाव उच्चारण्याचा संकोच वाटतो त्यांना मताधिकार देणेच अयोग्य होय. अडचण अंमलबजावणीची मानली गेली, हक्क कायम राहिला, आणि पुढील निवडणुकांत त्याच स्त्रिया आपल्या नावानिशी मतदानकेंद्रावर आल्या. समजुतीची खातरजमा आधी व अधिकार मागाहून, असा नियम आपल्या लोकशाहीने कधीच मानलेला नाही.

तरी बालकास मत देता येत नाही, हेही उघडच आहे. कोठेतरी रेषा ओढावी लागतेच. ती सोळाव्या वर्षी का ओढावी, यास मानसशास्त्राचा एक आधार सांगता येतो. कुमारवयातील मनाच्या वाढीचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्यासारख्या संशोधकांनी दोन प्रकारच्या निर्णयांत भेद केला आहे. मित्रांच्या घोळक्यात, आवेगाच्या भरात, तत्काळ घ्यावयाच्या निर्णयात लागणारा संयम विशीपर्यंत पक्व होत राहतो. परंतु माहिती गोळा करून, सवडीने, शांतपणे करावयाच्या विचाराची शक्ती सुमारे सोळाव्या वर्षी प्रौढांच्या बरोबरीला येते. मोटार भरधाव हाकणे हा पहिल्या प्रकारचा निर्णय होय. मतदान, ज्यासाठी प्रचाराचे कित्येक दिवस विचारास मिळतात आणि जे पडद्याआड एकट्याने करावयाचे असते, ते दुसऱ्या प्रकारचे.

आपल्या कायद्यानेही सोळाव्या वर्षास महत्त्व दिलेलेच आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार, १६ वर्षे पूर्ण केलेल्या मुलावर अतिगंभीर अपराधाचा आरोप असल्यास, त्याची मानसिक क्षमता आणि कृत्याचे परिणाम समजण्याची त्याची कुवत यांची प्राथमिक चाचपणी करून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची तजवीज आहे. परिणाम समजतात म्हणून शिक्षेस पात्र ठरू शकणारा मुलगा, परिणाम समजतात म्हणून मतास पात्र का ठरू नये? यावर कोणी म्हणेल की, अशाने अल्पवयीनांना मिळणारी इतर संरक्षणेही सोळाव्या वर्षी संपतील. ही भीती अनाठायी आहे. आपल्या कायद्यांत एकच एक वय कोठेही नाही. मत अठराव्या वर्षी, ग्रामपंचायतीची उमेदवारी आणि पुरुषाचा विवाह एकविसाव्या वर्षी, लोकसभेची उमेदवारी पंचविसाव्या, राज्यसभेची तिसाव्या आणि राष्ट्रपतिपदाची पस्तिसाव्या वर्षी, अशी ही शिडी आहे; तिची एक पायरी हलविल्याने बाकीच्या निखळत नाहीत.

आता अनुभवाकडे वळू. ऑस्ट्रियात प्रथम बुर्गेनलांड, केर्न्टन, श्टायरमार्क यांसारख्या प्रांतांनी नगरपालिका व ग्रामसंस्थांच्या निवडणुकांपुरते १६ हे वय स्वीकारले; त्यानंतर २००७ साली संबंध देशाने ते सर्व निवडणुकांसाठी स्वीकारले आणि २००८च्या संसदीय निवडणुकीत त्याचा अवलंब झाला. २००९च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीच्या वेळी अभ्यासकांनी तपास केला, तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या मतदारांनी निवडलेला पक्ष त्यांच्या स्वतःच्या मतांशी कितपत जुळतो, या कसोटीवर ते त्यांच्याहून मोठ्या मतदारांच्या मागे नसल्याचे आढळले. त्यांचा मतदानाचा उत्साह काहीसा कमी होता. पण त्याचे कारण आकलनाचा अभाव हे नव्हते.

स्कॉटलंडचा अनुभव याहूनही उद्बोधक आहे. स्वातंत्र्याच्या प्रश्नावर १८ सप्टेंबर २०१४ रोजी तेथे जे सार्वमत झाले, त्यात सोळा व सतरा वर्षांच्या नागरिकांना प्रथमच मत मिळाले. ब्रिटनच्या निवडणूक आयोगाने त्यानंतर केलेल्या पाहणीत या वयोगटातील ७५ टक्के तरुणांनी मतदान केल्याचे सांगितले. १८ ते २४ या वयोगटात हेच प्रमाण ५४ टक्के होते. स्कॉटलंडमधील हुजूर पक्षाच्या तेव्हाच्या नेत्या रूथ डेव्हिडसन या पूर्वी या सुधारणेच्या विरोधी होत्या. सार्वमताच्या वेळी तरुणांनी केलेली चर्चा पाहून त्यांनी आपला विरोध सोडला. २०१५ साली स्कॉटिश संसदेने आपल्या व स्थानिक निवडणुकांसाठी हे वय कायम केले. याशिवाय ब्राझीलने १९८८च्या राज्यघटनेने, अर्जेंटिनाने २०१२ साली आणि माल्टाने २०१८ साली सोळाव्या वर्षी मताधिकार दिला आहे.

परदेशांत चालले म्हणून येथे चालावे असे मात्र नाही. म्हणून महाराष्ट्राच्या परिस्थितीत हा प्रश्न घालून पाहू. आपल्याकडे विद्यार्थी इयत्ता दहावीत राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष आणि लोकशाहीसमोरील आव्हाने यांवरील प्रकरणे अभ्यासतो. आयुष्यात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास बहुतेकांस एकदाच घडतो, आणि तो याच वयात. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मतदारयादीत येण्याचे वय होते, तोवर तो मुलगा लातूर किंवा बुलढाणा सोडून पुण्याच्या वसतिगृहात वा चाकणच्या कारखान्यात दाखल झालेला असतो. नाव नोंदवावयाचे गावी, राहावयाचे शहरात, आणि मतदानाच्या दिवशी सुट्टी व गाडीभाडे यांची विवंचना. अशा अवस्थेत पहिले मतदान चुकते, आणि पहिले चुकले की दुसरेही चुकण्याची सवय लागते. याच्या उलट, सोळाव्या वर्षी बहुसंख्य मुले घरी असतात, शाळेतून वा कनिष्ठ महाविद्यालयातून नुकताच हा विषय शिकलेली असतात, आणि ज्या शाळेत मतदानकेंद्र असते ती त्यांच्या पायाखालची असते. सवय लावावयाची तर तिचा काळ हाच.

याच संदर्भात एक साधे गणितही मांडून पाहावे. कोणत्याही एका संस्थेची निवडणूक पाच वर्षांनी होत असेल, तर निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी अठरा पूर्ण करणाऱ्यास त्या संस्थेसाठी पहिले मत तेविसाव्या वर्षी मिळते. सरासरी काढली तर पहिले मत साडेविसाव्या वर्षी पडते. वय सोळा केले तर ही सरासरी साडेअठरावर येते. म्हणजे घटनेने जे वय योग्य मानले, त्या वयाच्या आसपास नागरिकास प्रत्यक्ष मत मिळावयाचे असेल, तर यादीतील वय सोळा असणे भाग आहे. निवडणुका लांबल्या की हे अंतर आणखी वाढते. बृहन्मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावरही पुढील निवडणुकीस तीन वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि तोवर प्रशासकाच्या कारभाराखाली राहिलेल्या तरुणांना नगरसेवक निवडण्याची संधीच आली नाही.

मग आरंभ कोठून करावा? लोकसभा व विधानसभा यांसाठी वय बदलणे म्हणजे ३२६वे कलम बदलणे. ते काम संसदेचे आहे आणि त्यास देशव्यापी सहमती लागेल. परंतु ते कलम स्थानिक संस्थांविषयी काही सांगत नाही. ७३व्या व ७४व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती व नगरपालिका यांच्या निवडणुकांविषयी कायदा करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळास दिला आहे. महाराष्ट्रात या निवडणुकांना विधानसभेचीच मतदारयादी वापरण्याची तरतूद आहे. तीत दुरुस्ती करून सोळा ते अठरा या वयाच्या रहिवाशांची एक पुरवणी यादी जोडता येईल. नव्या यंत्रणेचीही फारशी जरूर नाही. १७ वर्षे पूर्ण झालेल्या तरुणाकडून आगाऊ अर्ज घेण्याची सोय निवडणूक आयोगाने केलेलीच आहे, वयाचा पुरावा शाळेच्या दप्तरी आहे, आणि घरोघर जाणारा केंद्रस्तरीय अधिकारी पुष्कळदा त्याच गावचा शिक्षक असतो. शिवाय विषयही त्या वयाच्या आवाक्यातले आहेत. नळाला पाणी किती वेळ येते, शाळेपर्यंतचा रस्ता पावसाळ्यात चालण्याजोगा असतो काय, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे काय, वाचनालय उघडे राहते काय, यांची रोजची परीक्षा सोळा वर्षांच्या मुलीइतकी दुसरे कोणी करीत नाही.

या सूचनेविरुद्ध एक हरकत खरोखर वजनदार आहे, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक लोकसभेपेक्षा अधिक चुरशीची असते. भावकी, गटतट आणि जुनी वैरे यांचा जोर तेथेच सर्वाधिक असतो, आणि उमेदवार दारात येतो तो घरात मते किती, याची मोजदाद करीतच येतो. अशा वेळी सोळा वर्षांचे मूल वडिलांच्या धाकाने मत देईल. आणि जो शिक्षक गुण देतो तोच मतदानकेंद्रावर अधिकारी म्हणून बसलेला दिसल्यास दडपणात भर पडेल. हे सर्व खरे आहे. पण घरातील सुनेवर, शेतावरील सालगड्यावर, कर्जात बुडालेल्या कुळावर असेच दडपण होते, आणि त्यावर आपण शोधलेला उपाय गुप्त मतदान हा होता. तोच उपाय येथेही लागू आहे. त्याच्या जोडीला शाळेच्या आवारात प्रचारास सक्त मनाई, स्वतःच्या विद्यार्थ्यांच्या केंद्रावर शिक्षकाची नेमणूक न करण्याचा नियम, आणि अल्पवयीनांना प्रचाराच्या कामास जुंपण्यावर निवडणूक आयोगाने घातलेल्या बंदीची काटेकोर अंमलबजावणी, या तीन गोष्टी पुरवणी यादीच्या आधी झाल्या पाहिजेत. त्या न करता केवळ वय उतरविणे हे मुलांना पुढाऱ्यांच्या हाती देण्यासारखे होईल.

म्हणून महाराष्ट्र विधिमंडळाने स्थानिक संस्थांच्या निवडणुकांच्या एका फेरीपुरता सोळाव्या वर्षाचा मताधिकार द्यावा, राज्य निवडणूक आयोगाने त्या वयोगटाच्या मतदानाची स्वतंत्र नोंद ठेवावी, आणि ती पाहून पुढचा निर्णय करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १९८८ साली देशाने जो क्रम स्वीकारला होता, तोच हा क्रम. संशय असेल तर तो अनुभवाने दूर व्हावा. अनुभव घेण्यासच नकार देणे हे लोकशाहीला शोभणारे नाही. गावच्या पाण्याविषयी, शाळेविषयी आणि रस्त्याविषयी होणारे निर्णय या मुलांना इतर सर्वांपेक्षा अधिक काळ भोगावे लागणार आहेत. त्यांच्या आयुष्याच्या अटी ठरविताना त्यांना विचारणे हे आपले कर्तव्य आहे.

पुढील लेखांकात याच शिडीच्या वरच्या पायऱ्यांचा, म्हणजे उमेदवारीच्या वयाचा आणि ते कमी करावे काय या प्रश्नाचा, विचार करू.